मैदान गावाचे, खेळाडू कुठले?

जून महिना लागला की ग्रामीण भागातल्या महाविद्यालयांत दोन रांगा लागतात. एक रांग सगळ्यांना दिसते. ती कार्यालयाच्या खिडकीपुढे असते. हातात गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आणि सोबत शेतातले काम टाकून आलेले वडील. दुसरी रांग कुणाला दिसत नाही, कारण ती 'स्पोर्ट्सच्या सरां'च्या डोक्यात असते. तिसऱ्या वर्षाची मुले बाहेर पडली, म्हणजे कॅचर गेला, पहिल्या बेसवरचा उंच मुलगा गेला. आता त्यांच्या जागी कोण? अमुक गावच्या शाळेतला तो भालाफेक करणारा पोरगा बारावी पास झाला का? झाला असेल तर आपल्याकडे येतो की पुण्याला जातो? सरांच्या खिशातल्या छोट्या वहीत अशी नावे लिहिलेली असतात, काहींच्या पुढे प्रश्नचिन्ह, काहींच्या पुढे फुली.

अशी वही मी बरीच वर्षे बाळगली. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या पट्ट्यातल्या एका महाविद्यालयात मी खेळाचा शिक्षक होतो, आणि क्रिकेटवेड्या मुलखात बेसबॉलचा संघ उभा करण्याचा उद्योग माझ्या वाट्याला आला होता. संघ कसा जिंकतो यावर वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून येते. संघ जमतो कसा, यावर फारसे कुणी बोलत नाही. आणि खरी लढाई, खरा मोह, आणि खरा अन्यायसुद्धा तिथेच घडतो. म्हणून आज त्याविषयी.

गोफणीचा हात

शिरूर म्हणजे जुन्या माणसांचे घोडनदी. पुणे-नगर रस्त्यावर, घोड नदीच्या काठी. दौंड म्हणजे भीमेच्या काठचे रेल्वेचे मोठे जंक्शन. मनमाडकडे जाणारा फाटा इथूनच सुटतो. दोन्ही तालुके एकमेकांना लागून. मधून भीमा वाहते आणि शिरूर, न्हावरा, चौफुला असा रस्ता दोघांना जोडतो. कालव्याचे पाणी जिथे पोचले तिथे ऊस, कारखाने आणि दौंडच्या बाजूला गुऱ्हाळे; जिथे पोचले नाही तिथे ज्वारी, बाजरी आणि पावसाकडे लागलेले डोळे.

आता या मुलखात बेसबॉलचे काय काम, असे कुणीही विचारील. खेळ अमेरिकेचा. हिंदी सिनेमात तो दिसतो तोही मारामारीपुरता; गुंडाच्या हातातली बेसबॉलची बॅट आपल्याला ओळखीची, खेळ मात्र अनोळखी. पण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत हा खेळ आहे, त्याचे धाकटे भावंड असलेला सॉफ्टबॉल आहे, आणि शालेय स्पर्धांतही दोन्ही आहेत. महाविद्यालयांचे संघ आधी आपापल्या विभागात खेळतात: पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर, नाशिक. त्यातून पुढे विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो इतर विद्यापीठांशी झुंजतो. म्हणजे न्हावऱ्याच्या किंवा पाटसच्या पोराला, त्याच्या अंगात असेल तर, एक शिडी आहे.

खेळ थोडक्यात सांगायचा तर असा. प्रत्येक संघात ९ जण. चौकोनी मैदानाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस. एका बेसपासून दुसरा ९० फुटांवर. पिचर चेंडू फेकतो, बॅटर तो टोलवतो आणि पळत सुटतो. चारही बेस फिरून परत आला की एक धाव. पिचर आणि बॅटर यांच्यातले अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षाही थोडे कमी. चेंडू क्रिकेटच्या चेंडूहून किंचित हलका, पण टप्पा न पडता थेट अंगावर येणारा. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला कोपरातून झटका देता येत नाही. इथे सगळी करामत त्या झटक्यातच आहे.

आणि हा झटका आमच्या पोरांना शिकवावा लागत नाही! ज्याने लहानपणी ज्वारीच्या रानात माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे राखली, आंब्याच्या झाडाला नेम धरून दगड मारले, त्याचा खांदा आधीच तयार असतो. विटी-दांडू खेळलेल्याची नजर हवेत उडालेल्या वस्तूवर ठरलेली असते. कबड्डी खेळलेल्या मुलाला बेसवर घसरत जाऊन हात टेकवायला सांगितले की तो म्हणतो, "एवढंच होय सर?" खो-खो खेळलेल्या मुलीला पळता पळता दिशा बदलायला कुणी शिकवायची गरज नसते. त्यामुळे बेसबॉलचा संघ जमवायचा तर बेसबॉल खेळणारे शोधायचेच नाहीत, ही पहिली गोष्ट मी शिकलो. शोधायचे ते फेकणारे, पळणारे आणि न घाबरणारे.

मी शोध घ्यायचो तो तालुक्याच्या शालेय मैदानी स्पर्धांत. गोळाफेक आणि भालाफेकीत चौथा-पाचवा आलेला मुलगा हेरून ठेवायचो. पहिल्या तिघांवर सगळ्यांचे डोळे असतात. चौथ्याला कुणी विचारत नाही. गावच्या जत्रेतल्या कुस्त्या बघायचो, टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा बघायचो. सीमेवरून थेट यष्टींवर चेंडू फेकणारा पोरगा दिसला की सामना संपेपर्यंत थांबायचो. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीच्या निवडीत मुलांची उंची, वजन, ३० मीटर धाव, उभी उडी, चेंडूफेक, ६ गुणिले १० मीटरची शटल धाव अशा चाचण्या घेतात. त्याच मी चुन्याने मैदान आखून घ्यायचो. मापे घेतली की शिफारशीचा आवाज आपोआप बारीक होतो.

आयात खेळाडू

पण जे लिहायला बसलो ते हे नव्हे.

आमच्या संघात एक डावखुरा पिचर होता. दौंड तालुक्यात भीमेच्या काठी त्याचे गाव. वडील गुऱ्हाळावर कामाला. पोरगा पहाटे चुलवणात चिपाडे टाकून, सायकल मारीत कॉलेजला यायचा. अंगाला गुळाचा वास येत असायचा. दोन वर्षे मी त्याच्यावर मेहनत घेतली. पहिल्या वर्षी त्याचे निम्मे चेंडू कॅचरच्या डोक्यावरून जात. दुसऱ्या वर्षी तो दहापैकी सात चेंडू सांगेल तिथे टाकू लागला. तिसऱ्या वर्षी, मी मनात म्हणत होतो, हा विद्यापीठाच्या संघात जाणार.

त्याच उन्हाळ्यात मला एक निरोप आला. दुसऱ्या राज्यातली तीन मुले आहेत, राष्ट्रीय स्पर्धा खेळलेली आहेत, प्रवेश आणि राहण्या-जेवणाची सोय केलीत तर येतील. आमच्या क्षेत्रात याला 'आयात खेळाडू' म्हणतात. अनेक ठिकाणी हे चालते, सगळ्यांना ठाऊक असते आणि कुणी मोठ्याने बोलत नाही. मी नाही म्हणालो असतो तर कुणी मला फाशी देणार नव्हते. पण आजवर कधी न मिळालेला करंडक मला समोर दिसू लागला. मी हो म्हणालो.

तिघे आले. उत्तम खेळत होते, यात शंका नाही. स्वभावानेही चांगली मुले होती. त्यांचा दोष काहीच नव्हता. वर्गात ती फारशी दिसली नाहीत, आणि दिसावीत म्हणून मीही आग्रह धरला नाही. स्पर्धा झाली. त्या तिघांतल्या एकाने पिचिंग केले. डावखुऱ्याला मी शेवटपर्यंत बाकावर बसवले आणि त्याच्या हातात गुणलेखनाची वही दिली, का, तर त्याचे अक्षर चांगले होते! करंडक मिळाला. सत्कार झाला, फोटो निघाला. फोटोत डावखुरा एका कडेला उभा आहे. तो हसत नाही, हे मला खूप दिवसांनी लक्षात आले.

पुढच्या हंगामाला ते तिघे आले नाहीत; दुसरीकडून त्यांना अधिक चांगली सोय मिळाली होती. डावखुराही मैदानावर परत आला नाही. त्याचे तिसरे वर्ष संपले होते. त्याच्यामागे तयार होणारी त्याच्या गावची दोन पोरेही येईनाशी झाली. मी निरोप धाडला तेव्हा त्यांच्यातल्या एकाने जे उत्तर पाठवले ते अजून विसरलो नाही: "आम्ही नुसतं पानी द्यायला यायचं का सर?"

करंडक अजून काचेच्या कपाटात आहे. संघ मात्र त्या वर्षी मोडला, तो पुन्हा उभा करायला मला चार वर्षे लागली.

शाहू महाराज आणि होळकर

तेव्हा बाहेरचा खेळाडू घेणेच पाप, असा निष्कर्ष कुणी काढील. पण तोही खरा नाही. आपल्याच इतिहासात त्याचे वेगळे दाखले आहेत.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला जे दिवस दाखवले त्यात उत्तरेकडच्या, विशेषतः पंजाबच्या मल्लांना दिलेल्या आश्रयाचा वाटा मोठा होता. १९१२ साली खासबागचे मैदान उभे राहिले आणि तिथे देशभरातले मल्ल लढले. पण बाहेरच्या मल्लांना आश्रय देताना महाराजांनी गावोगावच्या तालमींकडे पाठ फिरवली नाही. उलट, बाहेरचा मल्ल आला म्हणजे इथल्या पोराला नवा डाव बघायला मिळायचा, त्याच्याशी खडाखडी करायला मिळायची. कोल्हापूर कुस्तीची पंढरी झाली ती अशी दोन्ही बाजूंनी.

दुसरा दाखला इंदूरच्या होळकरांचा. क्रिकेटच्या रणजी स्पर्धेत होळकर संघाने चार वेळा करंडक जिंकला. त्या संघाचा कणा होते सी. के. नायडू, मूळचे नागपूरचे. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तर इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला आणि त्याने नाबाद २४९ धावा काढल्या. सामना मात्र मुंबईने जिंकला, हेही सांगून टाकलेले बरे! पण होळकरांच्या या 'आयाती'चे खरे फळ वेगळेच आहे. इंदूरमध्येच जन्मलेल्या मुश्ताक अली नावाच्या पोराला नायडूंनी हेरले, हाताशी धरले, घडवले. १९३६ साली मँचेस्टरला परदेशात कसोटी शतक काढणारा पहिला भारतीय म्हणून त्याच पोराचे नाव लागले. बाहेरून आलेल्या माणसाने गावातला मुलगा मोठा केला.

माझ्या तीन आयात खेळाडूंनी आमच्या एका तरी मुलाला काही शिकवले का? नाही. पण त्यांना मी तसे सांगितले तरी होते का? तेही नाही. मी त्यांना करंडक आणायला आणले होते. ते त्यांनी आणून दिले आणि ते गेले. हिशेब चोख होता. चुकला होता तो मी.

आणि निवड म्हटली की खाशाबा जाधवांची आठवण होणारच. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होता. अंगाने किरकोळ म्हणून कॉलेजच्या कुस्तीत त्याला घ्यायला खेळाचे शिक्षक तयार नव्हते. तो थेट प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांकडे गेला, त्यांनी परवानगी दिली, आणि त्याने एकामागून एक मल्ल चीत केले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला त्याला पाठवण्यासाठी याच खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्याने कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खेळाच्या शिक्षकाचा डोळासुद्धा चुकतो, हे त्या गोष्टीतून आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाने रोज सकाळी आठवावे.

अमेरिकेतला हिशेब

ज्या देशात हा खेळ रुजला तिथे महाविद्यालये संघ कसा जमवतात? तिथे हे चोरूनमारून चालत नाही. तो उघड कारभार आहे. प्रशिक्षक शाळांचे सामने बघत राज्याराज्यांतून हिंडतात, मुलांना आणि आईबापांना भेटतात, शिष्यवृत्ती देऊ करतात. कधी, किती वेळा भेटायचे याचेसुद्धा नियम आहेत. पण शिष्यवृत्त्या मोजक्याच. सर्वांत वरच्या श्रेणीच्या विद्यापीठांनासुद्धा २०२४-२५ पर्यंत बेसबॉलसाठी ११.७ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, आणि संघात खेळाडू तीसहून अधिक! म्हणजे एकाला निम्मी, दुसऱ्याला पाव, तिसऱ्याला नुसतीच पाठीवर थाप. २०२५ पासून ही व्यवस्था बदलली. नव्या पद्धतीत आलेल्या विद्यापीठांना आता शिष्यवृत्तीच्या आकड्याऐवजी ३४ जणांच्या संघाची मर्यादा आहे.

त्यात आणखी एक गंमत अशी की तिथल्या सरकारी विद्यापीठांत त्याच राज्याच्या विद्यार्थ्याला फी कमी आणि परराज्यातल्याला कितीतरी जास्त. त्यामुळे बाहेरचा मुलगा घ्यायचा तर शिष्यवृत्तीचा मोठा तुकडा त्याच्यावर खर्च होतो. साहजिकच प्रशिक्षक आधी आपल्या घराच्या अंगणात शोधतो, आणि जी उणीव अंगणात भरून निघत नाही तेवढ्यासाठी बाहेर जातो. आपल्याकडे असा हिशेब कुणी लावत नाही. बाहेरच्या मुलाची किंमत आपण पैशात मोजतो. बाकावर बसलेल्या मुलाची किंमत मोजायची राहूनच जाते.

अमेरिकेने एकदा आपल्याकडेही शोध घेतला होता. २००८ साली वेगवान चेंडू फेकणारा हात शोधण्यासाठी भारतभर स्पर्धा झाली. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन खेड्यांतले तरुण निवडले गेले. दोघेही भालाफेकपटू, दोघांनीही त्याआधी बेसबॉल पाहिलेलाही नव्हता. अमेरिकेत काही महिने शिकून त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या व्यावसायिक संघाशी त्यांनी करार केला. त्यांच्यावर पुढे २०१४ साली चित्रपटही निघाला. दोघांपैकी कुणीही सर्वांत वरच्या लीगचा सामना खेळू शकला नाही, हे खरे. पण भालाफेकीचा हात बेसबॉलला चालतो, हे आमच्या तालुक्याच्या मैदानावर जे वाटत होते ते साऱ्या जगाला दिसले.

बाहेरचा म्हणजे कोण?

संघ पुन्हा बांधताना मी हा प्रश्न स्वतःला विचारला, आणि उत्तर शोधायला लांब जावे लागले नाही.

शिरूर तालुक्यातली रांजणगाव, कारेगाव, सणसवाडी ही गावे आता नुसती गावे राहिलेली नाहीत. रांजणगावला महागणपती आहे तशी औद्योगिक वसाहतही आहे, आणि तिथे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली कुटुंबे भाड्याच्या खोल्यांतून राहतात. त्यांची मुले इथल्या शाळांत मराठीतून शिकतात, गणेशोत्सवात ढोल वाजवतात. ती बाहेरची? दौंडमध्ये तर हे पिढ्यान्‌पिढ्यांचे. रेल्वेच्या नोकरीसाठी नाना प्रांतांतून आलेली माणसे तिथलीच झाली. राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट दौंडला आहेत. त्यांच्या वसाहतीत साऱ्या महाराष्ट्रातली घरे आहेत. कुरकुंभच्या कारखान्यांची वस्ती वेगळीच. आणि दर हिवाळ्यात बीड, नगरकडून ऊसतोडीला येणारी कुटुंबे. त्यांची पोरे उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात, तो तोल आणि ती ताकद कुठल्या व्यायामशाळेत मिळायची नाही. पण ती शाळेच्या पटावर सहा महिने इथे, सहा महिने तिथे, आणि पुष्कळदा कुठेच नाहीत.

परराज्यातला खेळाडू आणायला मी पदरमोड केली होती, आणि परराज्यातली मुले कारेगावात एसटीची वाट बघत उभी होती! पुढे माझा एक उत्तम कॅचर त्या खोल्यांतूनच आला. त्याचे वडील कारखान्यात कंत्राटी कामगार होते. तो मराठी बोलताना लिंगाचा घोळ घालायचा, आणि मुले त्याला चिडवायची. पण बेसवर धावत येणाऱ्याला तो अडवून उभा राहिला की सगळी गप्प व्हायची.

एक योगायोग सांगण्यासारखा आहे. रांजणगावच्या वसाहतीत एलजी कंपनीचा कारखाना आहे. दक्षिण कोरियात बेसबॉलचे वेड आपल्या क्रिकेटसारखेच, आणि सोलमधल्या एलजी ट्विन्स या संघाने २०२३ साली तिथले विजेतेपद मिळवले ते तब्बल २९ वर्षांनी. जिथे फ्रिज आणि वॉशिंग मशीन बनतात त्या कारखान्याच्या फाटकासमोरून आमची पोरे बेसबॉलची बॅट घेऊन जातात, तेव्हा मला त्याची मौज वाटते.

सायंकाळची शेवटची एसटी

खेळाडू हेरणे हा कामाचा सोपा भाग. त्याला, आणि विशेषतः तिला, टिकवणे हा अवघड.

मुलींच्या संघाचे उदाहरण घ्या. २०१६ साली दक्षिण कोरियातल्या गिजांग इथे झालेल्या महिलांच्या विश्वचषकात भारताचा बेसबॉल संघ पहिल्यांदा उतरला. म्हणजे मुलींना वाट नाही असे नाही. पण वाटेवरची पहिली अडचण म्हणजे सायंकाळची शेवटची एसटी. सराव साडेपाचला संपवला तरी गावच्या फाट्यावर उतरेपर्यंत अंधार पडतो, आणि फाट्यापासून घरापर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. शिरूर तालुक्यात त्या उसात बिबट्या आहे. ही काही भीती घालायची गोष्ट नाही. माणसांवर हल्ले झालेले आहेत, मुले गेली आहेत. अशा वेळी "पोरीला सरावाला पाठवा" असे बापाला कोणत्या तोंडाने सांगायचे? आम्ही सराव सकाळी कॉलेजच्या आधी, पण चांगले उजाडल्यावर ठेवला. तासभराचाच झाला, पण मुली टिकल्या.

दुसरा प्रश्न आईबापांचा. "सर, खेळून खेळून पोट भरंल का?" हा प्रश्न विचारणाऱ्या बापाचा राग धरू नये, त्याने कर्ज काढून फी भरलेली असते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, २००५ पासून. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले आमच्या भागात घरोघर आहेत, त्यामुळे हा आकडा सगळ्यांना पाठ. पण तिथे नुसता सहभाग पुरत नाही. कोणता खेळ, कोणती स्पर्धा, कितवा क्रमांक हे सगळे बघितले जाते आणि प्रमाणपत्राची शासनाच्या क्रीडा विभागाकडून पडताळणी होते. मी हे सारे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगू लागलो. खोटी आशा दाखवून आणलेला खेळाडू आणि करंडकासाठी आयात केलेला खेळाडू, यांत मला आता फारसा फरक दिसत नाही. दोघांनाही आपण वापरतच असतो.

पण याच्यातच माझ्या डावखुऱ्याचे नुकसान किती मोठे होते ते कळते. बाकावर बसलेल्या मुलाला पदक मिळाले तरी त्याच्याकडे विद्यापीठ निवडीचे लोक बघत नाहीत. ज्या वर्षी त्याला शिडीवर पाय ठेवायचा होता त्या वर्षी मी शिडी दुसऱ्याला धरून दिली.

मग बाहेरचे खेळाडू घ्यायचे की नाही? माझे उत्तर असे. घ्यावेत, पण पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून. वर्गात बसणारे, पदवी पुरी करणारे. विद्यापीठांच्या स्पर्धांचा नियमही खऱ्या, नियमित विद्यार्थ्यासाठीच आहे. चाचणी सर्वांची एकत्र, मैदानावर, मुलांच्या देखत व्हावी आणि आकडे फलकावर लागावेत. बाहेरून आलेल्या प्रत्येकाकडे दोन स्थानिक नवखी मुले सोपवावीत. ती किती शिकली यावर त्याचीही पारख व्हावी. आणि शाळांशी नाते ठेवावे, कारण अठराव्या वर्षी तयार खेळाडू शोधत फिरण्यापेक्षा बाराव्या वर्षी हातात चेंडू देणे स्वस्त पडते. यात नवीन काही नाही. शाहू महाराजांच्या तालमींत हेच होत होते.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉल पुन्हा येत आहेत. आमच्या तालुक्यातले कुणी तिथे जाईल अशी बढाई मी मारत नाही. पण टीव्हीवर सामना लागेल तेव्हा दौंड-शिरूरच्या चार-दोन घरांत तरी कुणी पोरगी आजीला सांगेल, "आजी, तो आता दुसरा बेस चोरणार बघ." तेवढे झाले तरी पुष्कळ.

मध्यंतरी चौफुल्याजवळच्या एका गुऱ्हाळावर गूळ घ्यायला थांबलो. कढईपाशी उभा असलेला माणूस वळला, तो डावखुरा होता. आता गुऱ्हाळ त्याने स्वतः चालवायला घेतले आहे. त्याने ओळखले, बसायला बाज टाकली, ताजा काकवीचा पेला हातात दिला. मी बोलायचा प्रयत्न केला, माझी चूक झाली म्हणालो. त्याने मान हलवली, पण "जाऊ द्या सर" असे काही तो म्हणाला नाही. त्याने हाक मारली तेव्हा अकरा-बारा वर्षांची एक मुलगी पळत आली.

"भावाची पोरगी आहे," तो म्हणाला. "हिचा हात बघा." मुलीने चिपाडाच्या ढिगाजवळचे एक ढेकूळ उचलले आणि लांबच्या बाभळीच्या बुंध्यावर नेमके मारले. डाव्या हाताने.

"न्या हिला मैदानावर. पण सर, एक शब्द द्या. बाहेरून कोणी आलं तरी हिला बसवायचं नाही."

मी थोडा वेळ गप्प राहिलो. असा शब्द देणे सोपे होते, आणि तो पुन्हा खोटाच ठरला असता. "जागेचा शब्द नाही देत," मी म्हणालो. "चाचणी सगळ्यांची एकत्र होईल, तुझ्या देखत होईल, आणि जो आकडा येईल तो तूच वहीत लिहायचा. तेवढा शब्द देतो."

त्याने विचार केला. मग हात पुसून म्हणाला, "द्या वही."

मी खिशातून वही काढली. त्याने मुलीचे नाव लिहिले. अक्षर अजून चांगले आहे.